वर्गासमोर एकट्याने बोलण्याची सक्ती: मुले धीट होतात की आणखी गप्प?

‘पुढे ये आणि सगळ्यांना म्हणून दाखव.’ शाळेत गेलेल्या प्रत्येकाने हे वाक्य ऐकलेले असते. कधी कविता, कधी पाढे, कधी फळ्यावरचे गणित, कधी इंग्रजीचा उतारा, तर कधी प्रकल्पाचे सादरीकरण. काही मुले हात वर करून वाट पाहत असतात. काहींच्या पोटात मात्र आदल्या रात्रीपासून गोळा आलेला असतो. अशा नाखूश मुलांना आग्रहाने, वेळप्रसंगी सक्तीने वर्गासमोर उभे करावे का, यावर शिक्षक आणि पालकांमध्ये दोन तट पडतात. ‘आज सोडून दिले तर आयुष्यभर घाबरतील’ असे एक बाजू म्हणते. ‘जबरदस्तीने उभे केले की मूल कायमचे मिटते’ असे दुसरी बाजू म्हणते. याबाबत संशोधन काय सांगते, कायदा काय म्हणतो आणि वर्गात नेमके काय करता येते, हे समजून घेऊ.

हा प्रश्न आताच का चर्चेत?

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि लेखी गृहपाठावरचा शिक्षकांचा विश्वास डळमळला. वहीतला निबंध किंवा प्रकल्पाची फाइल विद्यार्थ्यानेच लिहिली आहे का, हे सांगणे अवघड झाले. त्यावर जगभरातील शाळा-महाविद्यालयांना सापडलेला एक सोपा उपाय म्हणजे ‘लिहिले आहेस ते आता बोलून दाखव’. त्यामुळे तोंडी परीक्षा आणि वर्गातील सादरीकरण यांचे वजन पुन्हा वाढते आहे.

शिक्षणविषयक धोरणांचा कलही याच दिशेने आहे. इंग्लंडमध्ये एका स्वतंत्र आयोगाने ऑक्टोबर २०२४ मध्ये बोलण्याच्या कौशल्याला वाचन, लेखन आणि गणिताच्या बरोबरीचे स्थान द्यावे, अशी शिफारस केली. भारताच्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तोंडी आणि लेखी संवाद हे महत्त्वाचे कौशल्य मानले आहे.

दुसरीकडे मुलांचा विरोधही समोर आला आहे. अमेरिकेत सप्टेंबर २०१८ मध्ये एका १५ वर्षांच्या विद्यार्थ्याने ट्विटरवर, वर्गासमोर सादरीकरण करण्याची सक्ती बंद करा आणि आम्हाला नकाराचा पर्याय द्या, अशी मागणी केली. तिला एक लाखाहून अधिक पसंतीखुणा मिळाल्या आणि त्यावर मोठा वाद झाला. भारतात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी देशभरासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. विद्यार्थ्यांना चारचौघांत लाजिरवाणे वाटेल असे वागवणे शक्यतो टाळावे, असेही त्यांत म्हटले आहे. बोलायला लावण्याचा दबाव आणि लाजवू नका हा इशारा, दोन्ही एकाच वेळी शाळांपर्यंत पोहोचले आहेत.

एकट्याने उभे राहिल्यावर शरीरात काय होते?

माणसावर ताण आणायचा आणि त्याचा शरीरावरील परिणाम मोजायचा, यासाठी शास्त्रज्ञांना एक खात्रीची पद्धत हवी होती. जर्मनीतील ट्रिअर विद्यापीठातील संशोधकांनी १९९३ मध्ये ती मांडली. ‘ट्रिअर सामाजिक ताण चाचणी’ या नावाने ती आजही जगभर वापरली जाते. तिच्यात विजेचा झटका नसतो की गार पाण्यात हात बुडवणे नसते. भाग घेणाऱ्याला तयारीसाठी थोडा वेळ देतात, मग परीक्षकांसमोर उभे राहून पाच मिनिटे बोलायला लावतात. त्यानंतर पाच मिनिटे तोंडी गणित: १०२२ मधून १३ वजा करत जायचे, उत्तरे मोठ्याने सांगायची आणि चुकले की पुन्हा १०२२ पासून सुरुवात करायची. परीक्षक हसत नाहीत, मान डोलावत नाहीत, चेहरा कोरा ठेवतात. एवढ्याने बहुतेकांच्या शरीरातील कॉर्टिसॉल या ताणाशी संबंधित संप्रेरकाची पातळी दुप्पट ते चौपट होते.

म्हणजे प्रयोगशाळेत खात्रीने ताण निर्माण करण्यासाठी जे रचले गेले, ते आपल्याकडच्या ‘उभा राहा आणि उलटे पाढे म्हण’ या प्रकाराच्या फार जवळ जाते.

या चाचणीतील नेमकी कोणती गोष्ट माणसाला घाबरवते? सॅली डिकरसन आणि मार्गारेट केमेनी या संशोधिकांनी २००४ मध्ये २०८ प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण केले. केवळ काम अवघड असणे हे मोठे कारण ठरले नाही. दोन गोष्टी एकत्र आल्या की कॉर्टिसॉल सर्वाधिक वाढते, असे दिसले. पहिली, इतर लोक आपल्याला जोखत आहेत ही जाणीव. दुसरी, परिस्थिती आपल्या हातात नाही ही भावना. वर्गाला हे लावून पाहिले तर पुढच्या चर्चेची किल्ली मिळते. समोर वर्ग असणे हा भाग बऱ्याचदा टाळता येत नाही. पण कधी बोलायचे, कशावर बोलायचे, किती तयारीने आणि किती जणांपुढे, यातले काहीच मुलाच्या हातात नसणे हे टाळता येते.

‘सवय झाली की भीती जाते’ हे खरे आहे का?

अर्धे खरे आहे. भीतीवरील उपचारांत, ज्या गोष्टीची भीती वाटते तिला सामोरे जाणे हा मुख्य भाग असतो. सतत टाळत राहिले की तेवढ्यापुरती सुटका होते, पण भीती आतून मोठी होत जाते. त्यामुळे ‘नको वाटते ना, मग बसून राहा’ हा दयाळू वाटणारा मार्ग दीर्घकाळात मुलाचे नुकसान करू शकतो.

मात्र उपचारात हे सामोरे जाणे पायरीपायरीने आणि त्या व्यक्तीच्या संमतीने होते. प्रत्येक पायरीवर ‘वाटले होते तेवढे वाईट झाले नाही’ असा अनुभव यावा लागतो. अचानक नाव पुकारले, मूल अडखळले, मागच्या बाकावरून हसू आले आणि शिक्षक म्हणाले, ‘एवढेही येत नाही?’ तर मुलाला उलटाच पुरावा मिळतो. ज्याची भीती होती तेच घडले. असा अनुभव दहा वेळा आला म्हणून भीती दहा पटींनी कमी होत नाही.

तयारीचा मुद्दाही महत्त्वाचा आहे. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६५ मध्ये जुन्या-नव्या प्रयोगांची जुळणी करून एक सूत्र मांडले: बघणारे असले की सरावाचे काम अधिक चांगले होते आणि नवे, कच्चे काम अधिक बिघडते. पुढे १९६९ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी चक्क झुरळांवर प्रयोग केला. सरळ वाटेने पळायचे असताना ‘प्रेक्षक’ झुरळे असली की झुरळ लवकर पोहोचले. वाट वळणाची असली की प्रेक्षकांमुळे त्याला जास्त वेळ लागला. वर्गात पाठ असलेली कविता म्हणायला लावणे आणि आजच शिकवलेले गणित सर्वांसमोर सोडवायला लावणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या यामुळेच.

याचे आपल्या सर्वांच्या ओळखीचे उदाहरण महात्मा गांधी यांचे आहे. बॅरिस्टर होऊन परतल्यावर मुंबईच्या लघुवाद न्यायालयात ते पहिल्या खटल्यासाठी उभे राहिले. साक्षीदाराला एकही प्रश्न विचारता आला नाही, डोके गरगरू लागले, ते खाली बसले आणि दुसरा वकील करा असे सांगून त्यांनी ३० रुपये फी परत केली. हे त्यांनीच आत्मचरित्रात लिहिले आहे. पुढे १८९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरिया येथे त्यांनी भारतीय व्यापाऱ्यांपुढे भाषण केले. ते आयुष्यातले पहिले जाहीर भाषण असल्याचे ते सांगतात. विषय होता व्यापारातील सचोटी. बैठक त्यांनीच बोलवायला लावली होती, विषय त्यांचा होता आणि तयारी झालेली होती. माणूस तोच होता, परिस्थिती बदलली होती.

गप्प राहणारी सगळी मुले सारखी असतात का?

नाही. शिक्षकांची सर्वांत मोठी गफलत येथेच होते. बोलायला न उठणाऱ्या मुलावर ‘लाजाळू’ किंवा ‘अभ्यास न केलेला’ असा एकच शिक्का मारला जातो. प्रत्यक्षात कारणे अनेक असतात.

काही मुले स्वभावानेच अबोल असतात. त्यांना त्रास नसतो, फक्त वेळ लागतो. काहींना खरोखर उत्तर येत नसते आणि ते उघड होण्याची धास्ती असते.

काहींना सामाजिक चिंताविकार असतो. इतर लोक आपल्याला नावे ठेवतील या भीतीने रोजचे व्यवहारही टाळावेसे वाटणे, असे त्याचे स्वरूप आहे. मानसोपचार क्षेत्रात वापरल्या जाणाऱ्या अमेरिकी निदानपुस्तिकेनुसार तेथील सुमारे ७५ टक्के रुग्णांमध्ये त्याची सुरुवात ८ ते १५ या वयात झालेली असते. म्हणजे तिसरी ते दहावी. ज्या वर्षांत सर्वाधिक वेळा वर्गासमोर उभे केले जाते, तीच ही वर्षे.

काही मुले अडखळत बोलतात. शंभर प्रौढांत साधारण एक जण असा असतो आणि लहानपणी काही काळ अडखळणाऱ्या मुलांचे प्रमाण याहून बरेच जास्त असते. अशा मुलाला उत्तर येत असते, शब्द बाहेर पडत नसतो. वेळेचे बंधन आणि मागून शब्द सुचवणारे मित्र यांमुळे अडखळणे वाढते. याहून कमी मुलांत आढळणारा प्रकार म्हणजे निवडक मौन. घरी भरपूर बोलणारे मूल शाळेत एक शब्दही काढत नाही. तो हट्ट नसतो, चिंतेचाच एक प्रकार असतो. ‘बोलल्याशिवाय जागेवर बसायचे नाही’ अशा शिक्षेने तो आणखी घट्ट होतो.

महाराष्ट्रात आणखी एक कारण ठळक आहे, ते म्हणजे भाषा. घरी गोंडी, कोरकू, भिली किंवा पावरी बोलणाऱ्या मुलासाठी शाळेची मराठी ही शिकावी लागणारी दुसरी भाषा असते. घरी अहिराणी, वऱ्हाडी किंवा मालवणी बोलणाऱ्या मुलालाही ‘ण’ आणि ‘न’ यांवरून वर्गात हसू ऐकावे लागते. सेमी-इंग्रजीच्या तुकडीत इंग्रजीचा उतारा मोठ्याने वाचताना हेच घडते. अशा वेळी मूल बोलण्याला घाबरत नसते. आपल्या घरच्या बोलीवर हसले जाईल, याला घाबरते. मैदानावर त्याच मुलाचा आवाज सर्वांत मोठा असू शकतो.

महाराष्ट्रातील शाळांमध्ये चित्र काय?

मराठी शाळांत बोलण्याची संधी अगदीच नसते असे नाही. रोजच्या परिपाठात सुविचार, दिनविशेष, बातम्या, बोधकथा ही कामे विद्यार्थीच करतात. १ ऑगस्टला लोकमान्य टिळक पुण्यतिथी आणि अण्णाभाऊ साठे जयंती, ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले जयंती, अशा निमित्तांनी भाषणे होतात. अडचण अशी की अनेक ठिकाणी तीच तीन-चार धीट मुले दरवेळी पुढे येतात. भाषण बहुतेकदा घरच्यांनी किंवा शिक्षकांनी लिहून दिलेले आणि पाठ केलेले असते. मधेच एक वाक्य विसरले की सगळेच थांबते.

परीक्षेतील तोंडी गुणांची कहाणीही बोलकी आहे. दहावीच्या भाषा विषयांना ८० गुणांची लेखी परीक्षा आणि शाळेकडून मिळणारे २० गुण अशी पद्धत होती. शाळा हे गुण खिरापतीसारखे वाटतात, अशी टीका होत असे. २०१८-१९ मध्ये हे गुण काढून टाकण्यात आले. त्या वर्षी अभ्यासक्रमही नवा होता. राज्याचा दहावीचा निकाल २०१८ मधील ८९.४१ टक्क्यांवरून २०१९ मध्ये ७७.१० टक्क्यांवर आला. ओरड झाली आणि पुढच्या वर्षापासून अंतर्गत गुण परत आले. या सगळ्या वादात गुण ठेवायचे की काढायचे याची चर्चा भरपूर झाली. वर्षभरात मुलांना बोलायला कोण आणि कसे शिकवते, हा प्रश्न बाजूलाच राहिला. लेखन शिकवतात आणि मग तपासतात. बोलणे मात्र बहुतांश वेळा न शिकवताच तपासले जाते.

कायदा काय सांगतो?

मुलाला वर्गासमोर बोलायला सांगू नये, असे भारतातील कोणताही कायदा म्हणत नाही. मात्र कसे सांगावे याला मर्यादा आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळालाही बंदी आहे. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांत मानसिक छळाचा अर्थ सविस्तर सांगितला आहे. टोमणे मारणे, घरच्या परिस्थितीवरून थट्टा करणे, अपेक्षेप्रमाणे जमले नाही म्हणून वर्गात कमी लेखणे आणि ‘सुधारावे म्हणून लाजवणे’ हे सर्व त्यात येते. म्हणजे ‘पुढे ये’ असे सांगणे हा छळ नाही. न आल्याबद्दल किंवा अडखळल्याबद्दल वर्गापुढे खिल्ली उडवणे हा मात्र छळ ठरू शकतो.

याच कायद्याच्या कलम २९ मध्ये अभ्यासक्रम आणि मूल्यमापन कसे असावे हे सांगताना मूल भीती, आघात आणि चिंता यांपासून मुक्त असावे आणि त्याला आपले म्हणणे मोकळेपणाने मांडण्यास मदत व्हावी, असे म्हटले आहे. दोन्ही गोष्टी एकाच ओळीत आहेत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. भीती नको म्हणून बोलणेच नको, असे कायदा म्हणत नाही. बोलायला हवे म्हणून भीती चालेल, असेही म्हणत नाही.

मौन बाळगण्याच्या हक्काबाबत १९८६ मधील बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य या खटल्याचा दाखला दिला जातो. राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभ्या राहणाऱ्या, पण धार्मिक श्रद्धेमुळे ते न गाणाऱ्या तीन भावंडांना शाळेतून काढले होते. सर्वोच्च न्यायालयाने ही कारवाई रद्द केली. मात्र तो प्रश्न श्रद्धेचा होता. गृहपाठाचे सादरीकरण नाकारण्याचा सरसकट हक्क त्या निकालातून मिळतो, असे म्हणता येणार नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०२५ च्या सूचनांनुसार १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ नेमणे अपेक्षित आहे. वर्गात न बोलणाऱ्या मुलाला नेमके काय होते आहे, हे ओळखण्याचे काम एकट्या वर्गशिक्षकावर पडू नये यासाठी ही तरतूद उपयोगी पडू शकते.

मग नको म्हणणाऱ्यांना सूट द्यावी का?

सरसकट सूट देण्याविरुद्ध एक भक्कम युक्तिवाद आहे आणि तो समतेचा आहे. ज्या घरात पाहुण्यांपुढे मुलांना बोलू दिले जाते, वक्तृत्वाच्या किंवा ‘पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट’च्या शिकवणीची फी भरली जाते, त्या घरातील मूल शाळेत बोलले नाही तरी कुठेतरी बोलायला शिकते. ऊसतोड मजुराच्या किंवा घरकाम करणाऱ्या बाईच्या मुलीला शाळेखेरीज दुसरे व्यासपीठ नसते. पुढे महाविद्यालयातील तोंडी परीक्षा, गटचर्चा, नोकरीची मुलाखत, ग्रामसभा, बँक, पोलिस ठाणे, या सगळीकडे बोलावेच लागते. शाळेने तिला ‘नको वाटते ना, राहू दे’ म्हटले तर तो दिलासा फार महागात पडतो.

वारंवार विचारण्याचा फायदा दाखवणारे संशोधनही आहे. अमेरिकेतील एका विद्यापीठात एलिझ डॅलिमोर आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या वर्गांत शिक्षक हात वर न केलेल्या विद्यार्थ्यांनाही नियमितपणे प्रश्न विचारत, तेथे काही काळाने स्वतःहून बोलणाऱ्यांची संख्या वाढली आणि चर्चेत भाग घेण्यातला संकोचही कमी झाला. मात्र हे विद्यार्थी महाविद्यालयीन होते, विचारणा जागेवर बसूनच होत होती आणि ती सर्वांना होत होती. एकालाच शोधून उभे करण्याचा तो प्रकार नव्हता.

म्हणून ‘सक्ती की सूट’ यापेक्षा आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: समोर वर्ग कशासाठी हवा आहे? विद्यार्थ्याला विषय समजला आहे का, किंवा प्रकल्प त्यानेच केला आहे का, हे तपासायचे असेल तर त्यासाठी पन्नास प्रेक्षकांची गरज नाही. शिक्षकाच्या टेबलाशी पाच मिनिटे बोलले तरी ते कळते. वर्गासमोर तपासले तर विज्ञानाचे ज्ञान आणि धीटपणा यांची सरमिसळ होते आणि घाबरणाऱ्या मुलाला विज्ञानाचे गुण कमी मिळतात. लोकांपुढे बोलायला शिकवणे हाच हेतू असेल तर प्रेक्षक हवेतच. पण मग ते पोहायला शिकवण्यासारखे शिकवावे लागते. पहिल्याच दिवशी विहिरीत ढकलून ‘आता ये वर’ म्हणणे म्हणजे शिकवणे नव्हे. आणि अभ्यास न केल्याची शिक्षा म्हणून उभे करायचे असेल, तर त्यातून मूल एकच धडा घेते: वर्गासमोर उभे राहणे म्हणजे अपमान.

वर्गात करता येण्यासारखे काय?

पहिली गोष्ट म्हणजे पायऱ्या. आधी शेजारच्याशी दोन मिनिटे बोलणे, मग चौघांच्या गटात, मग जागेवरूनच वर्गाला एक वाक्य, मग दोघांनी मिळून पुढे जाणे आणि शेवटी एकट्याने. कोणते मूल कोणत्या पायरीवर आहे याची नोंद ठेवली तर प्रगतीही दिसते. गुणही या प्रगतीला देता येतात.

दुसरी गोष्ट, नियंत्रणाचा थोडा वाटा मुलाकडे देणे. तारीख आधी सांगणे, तीन विषयांतून एक निवडू देणे, क्रमांक निवडू देणे, हातात मुद्द्यांचा कागद ठेवू देणे, ‘आज नको, उद्या’ असे एकदा म्हणू देणे. काम तेच राहते. ‘माझ्या हातात काहीच नाही’ ही भावना मात्र कमी होते.

तिसरी गोष्ट, थांबणे. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात दाखवून दिले की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात. तो वेळ तीन सेकंदांपर्यंत नेला तर उत्तरे लांब आणि विचारपूर्वक येतात आणि एरवी गप्प असणारी मुलेही बोलू लागतात. यासाठी पैसा लागत नाही, साहित्य लागत नाही.

चौथी गोष्ट, भीतीबद्दल खरे सांगणे. घाबरलेल्या माणसाला वाटते की आपली धडधड, कापणारा आवाज सगळ्यांना दिसतो आहे. प्रत्यक्षात बघणाऱ्यांना त्यातले फार थोडे कळते. केनेथ सॅविट्स्की आणि थॉमस गिलोविच यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही जणांना भाषणाआधी फक्त एवढेच समजावून सांगितले. त्यांची भाषणे इतरांपेक्षा चांगली झाली. ‘घाबरू नकोस’ या उपदेशापेक्षा ‘तुला वाटते तेवढे आम्हाला दिसत नाही’ ही माहिती जास्त उपयोगी पडते.

पाचवी गोष्ट ऐकणाऱ्यांची. बोलणाऱ्या मुलावर सगळे लक्ष दिले जाते, पण भीतीचे मूळ समोरच्या बाकांवर असते. कुणी अडखळले तर हसायचे नाही, शब्द सुचवायचे नाहीत, बोलून झाल्यावर एक प्रश्न विचारायचा, एवढे तीन नियम वर्षाच्या सुरुवातीला ठरवून शिक्षकांनी स्वतः पाळले तरी वर्गाचे वातावरण बदलते. बोलीवर हसू नये हा नियमही यातच येतो. मोबाइलवर चित्रीकरण करून पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकणे मात्र मुलाला विचारल्याशिवाय टाळावे. वर्गातले हसू तासाभरात विरते, ग्रुपवरचा व्हिडिओ फिरत राहतो.

पालकांसाठीही एक खूण आहे. सादरीकरणाच्या दिवशी पोटदुखी, उलटी, झोप न लागणे असे वारंवार होत असेल, शाळा बुडू लागली असेल किंवा मूल घराबाहेर बोलणेच टाळत असेल, तर ते नाटक समजून रागावण्याऐवजी शिक्षकांशी आणि गरज पडल्यास समुपदेशकाशी बोलावे. अडखळत बोलणाऱ्या मुलासाठी वाचा-उपचार तज्ज्ञाची मदत लवकर घेतलेली बरी.

अडचण कुठे आहे?

वेळेत आणि संख्येत. शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीसाठी ३५ विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असावा. अशा वर्गात प्रत्येकाला तीन मिनिटे द्यायची तर १०५ मिनिटे लागतात, म्हणजे ३५ मिनिटांच्या तीन तासिका. तुकडीत ६० मुले असतील तर १८० मिनिटे, म्हणजे पाचहून अधिक तासिका. अभ्यासक्रम संपवण्याच्या घाईत एवढा वेळ कुणाकडे नसतो. मग शिक्षक दोन मार्गांपैकी एक धरतात. एकतर धीट मुलांनाच पुढे करतात, किंवा अचानक एखाद्याचे नाव पुकारतात. पहिल्यात घाबरणारे मूल विसरले जाते, दुसऱ्यात ते भरडले जाते. जोड्यांचे आणि गटांचे काम यावर काही प्रमाणात उतारा ठरते, कारण तेव्हा वर्गातील निम्मी मुले एकाच वेळी बोलत असतात आणि सहा मिनिटांत सगळा वर्ग बोलून होतो. वर्गात त्यामुळे गलका होतो, हे खरे. शांत वर्ग म्हणजे चांगला वर्ग, असे मानणाऱ्या मुख्याध्यापकांना आणि पर्यवेक्षकांना तो गलका चालवून घ्यावा लागेल.

तोंडी मूल्यमापनाचे वजन येत्या काळात वाढणार, हे दिसते आहे. त्यासाठी गुणांचे तक्ते लगेच तयार होतील. बोलायला शिकवण्यासाठी वेळापत्रकात तासिका आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणात जागा मिळते का, यावर पुढच्या बाकावरच्या चार मुलांपलीकडे बाकीचा वर्ग बोलू लागेल की नाही, हे ठरेल.